नानांच्या खोलीतली हवा

४ फेब्रुवारी

चिंगे,

तू बेटावर बसून समुद्री माशांची पिल्लं वाढवतेस, तेव्हा हे तुलाच विचारायला हवं. नानांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे आजारी पडलेत, आणि का ते कुणालाच सांगता येत नाही.

झालं असं, की पाण्यातली घाण फेसावाटे वर काढणारं ते जुनं स्किमर अखेर बंद पडलं. नानांनी स्वतः जोडून केलेलं ते यंत्र. ते धडधाकट असते तर मांडीवर घेऊन उघडून बसले असते, जन्मभर पंप दुरुस्त केलेला माणूस. पण आता उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून मी दुकानदाराला बोलावलं. त्याने स्किमर, पंप, हीटर असं सगळंच नवं बसवलं आणि जुन्या नळ्यांचं जंजाळ उपसून गोणीत भरून नेलं. नवं यंत्र दिसायला झकास आहे. आवाजसुद्धा नाही.

तेव्हापासून टाकीला दृष्ट लागल्यासारखं झालंय. मास्तर, तो मोठा निळापिवळा, दिवसभर पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन धापा टाकतो. अंगावर पांढुरका चिकट थर, शेंबडासारखा. तो सोलवटून लोंबतो आणि मागून येत राहतो. डोळे उकडल्यासारखे पांढरे. केशरी जोडप्यातली नवरी मेली. नवरा तिच्याभोवती घुटमळत होता. मला वाटलं, बिचारा शोक करतोय. वाकून पाहिलं तर तिचा डोळा टोचून खात होता.

आणि त्या नव्या यंत्राचा, फेस साठतो तो पेला! काळपट, तेलकट, सडक्या अंड्यांत मोरी मिसळावी तसला वास. आपल्या लाँड्रीत लोकांच्या चादरींवर कसले कसले डाग येतात, पण ते चिमट्याने उचलून मशिनच्या पोटात टाकले की आपला संबंध संपला. हा पेला हाताने धुवावा लागतो. पहिल्यांदा धुतला तेव्हा जेवण बाहेर आलं, आणि मग ते धुवावं लागलं.

काय करू ते लवकर कळव. फोनवर तुझं बोलणं निम्मं वाऱ्यातच जातं, म्हणून लिहितोय.

नाना ठीक आहेत. पलंगावरून टाकीकडे बघत असतात.

तुझा
दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

आधी एक सांगते. दुकानदार औषधाची बाटली देईल, ती ओतू नकोस. रोग कळल्याशिवाय औषध म्हणजे अंधारात मारलेली काठी. माशालाच लागते.

सगळं नवं बसवल्यावरच सुरू झालं, तर खोट बहुतेक नव्या सामानातच आहे. कुठे पितळेचा नट, तांब्याची क्लिप पाण्यात बुडालेली नाही ना ते बघ. खाऱ्या पाण्यात तांबं म्हणजे विष. हीटरला बारीक चीर असेल तर वीज पाण्यात उतरते, इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे, स्वतः बोट घालू नकोस. पंपाच्या आतलं चुंबक काढून बघ, तडकलेलं असलं तर गंजतं आणि पाणी नासवतं. आणि दर चार दिवसांनी थोडं थोडं पाणी बदल. समुद्री मीठ तेच ना, नानांचं?

पेल्याचं म्हणशील तर ती घाण पेल्यात आली म्हणजे पाण्यात राहिली नाही, एवढं तरी पुण्य पदरात घे. माझे हात इथे दिवसभर कोपरापर्यंत तसल्याच राडीत असतात. मेलेली पिल्लं नळीने ओढून काढायची, तळाचा चिखल उपसायचा. दोनदा साबण लावून जेवायला बसले तरी घास तोंडाशी आला की वास येतोच. सवय होते म्हणतात. सवय होत नाही, भूक लागते.

आणि नानांविषयी एकच ओळ? सांभाळणाऱ्या मावशी गुडघ्यांपायी काम सोडून गेल्या, असं वहिनीने मागे कळवलं होतं. मग आता त्यांना कुशीवर कोण वळवतं? अंग कोण पुसतं? जेवतात का? चार ओळी लिहून तुझी शाई आटत नाही.

चिंगी


२० फेब्रुवारी

चिंगे,

तू सांगितलंस ते सगळं केलं. पितळ नाही, तांबं नाही. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, म्हणाला, पाण्यात वीज नाही. चुंबक नव्या नवरीसारखं चकचकीत. मीठ नानांचंच. पाणी बदललं. आणि तरी रोज काही ना काही मरतंय.

तळाशी ते समुद्रफूल होतं ना, बोटं हलवल्यासारखं डुलायचं, नानांचं लाडकं? ते विरघळलं. मेलं असं म्हणवत नाही, विरघळलंच. काल फूल होतं, आज खडकावर तपकिरी शेंबडाचा लपका. मी तो चमच्याने काढायला गेलो तर चमच्यावरून ओघळून सगळ्या पाण्यात पसरला. मास्तरच्या कपाळाला खड्डे पडलेत, कसर लागल्यासारखे. आतलं मांस दिसतं. मला आता त्या काचेकडे बघवत नाही. खोलीत जातानाच नाकाला फडकं लावतो.

मासे मरतात म्हणून माश्या झाल्यात. कुठून येतात देव जाणे, खिडकी तर कायम बंद असते. उघडली की समोरच्या गॅलरीतली बाई दोरीवरचे कपडे काढून आत नेते आणि आमच्याकडे अशी बघते की जणू आम्ही घरात उकिरडा पाळलाय. तुझी वहिनी सकाळ-संध्याकाळ माश्यांचा फवारा मारते, आणि त्याचा वास जावा म्हणून वर गुलाबाचा मारते. खोलीत पाऊल टाकलं की वाटतं, गुलाबाच्या बागेत मांजर मरून पडलंय.

नानांचंही तंत्र बिघडलंय. डाव्या हाताने सारखं खिडकीकडे दाखवतात आणि गाल फुगवून ‘फू, फू’ करतात. मी म्हटलं, “नाना, खिडकी नाही उघडता येत, लोक नावं ठेवतात.” तर पलंगाच्या कठड्यावर हात आपटायला लागले. काल पेजेची वाटी उडवली, सगळी माझ्या शर्टावर. मी त्यांच्यावर ओरडलो. मग बाहेर येऊन बसलो.

बाकी ते बरे आहेत. त्यांचं सगळं मीच करतो. परक्या बाईला आता घरात आणायची नाही, असं मी ठरवलंय. आपल्या माणसाची घाण परक्याने कशाला बघायची?

मास्तर वाचेल का?

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र हातातून खाली ठेव. स्किमरमधून एक बारीक नळी बाहेर आलेली असेल, हवा आत ओढणारी. तिचं तोंड कुठे आहे ते बघ. नसेल सापडत तर स्किमर बंद कर. मग पुढचं वाच.

स्किमर फेस करतं म्हणजे काय करतं? खोलीतली हवा ओढून तिचे बुडबुडे पाण्यात घुसळतं. दिवसरात्र. खोलीत जे फवारशील ते पाण्यात जातं. माणूस त्या हवेत खोकून मोकळा होतो, माशाला ती प्यावी लागते. कीटकांचा फवारा तर त्यांना जहरच. तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पाण्यात विष घुसळत होतात, आणि वरून गुलाब.

आता नानांचं. खिडकीच्या चौकटीला खाली उजवीकडे बोटभर भोक आहे. ते नानांनी पाडलंय. जुन्या यंत्राची नळी त्यातून बाहेर काढलेली होती, म्हणजे स्किमरला बाहेरची हवा मिळायची. दुकानदाराने जंजाळ म्हणून उपसून नेली ती हीच नळी. ‘फू फू’ म्हणजे फवारा. खिडकीकडे हात म्हणजे नळी बाहेर काढा. त्यांनी पहिल्या दिवसापासून तुला अचूक निदान सांगितलं आणि तू त्यांच्यावर ओरडलास.

हे लिहून पत्र बंद केलं होतं. पुन्हा उघडलं.

मेलेले मासे तू लगेच काढतोस. मरतुकड्या माशांवर, पाण्याखाली, माश्या बसत नाहीत. मी रोज मेलेल्या माशांत असते, मला माश्यांचं शास्त्र नको सांगूस. बंद खोलीत माश्या कशावर येतात? आणि टाकी आजारी पडायच्या आधीपासून वहिनी गुलाब मारत होती का, एवढं सांग. तो वास कसला झाकत होतात?

नानांची पाठ बघ. कंबरेच्या खाली. पांघरूण काढून, उजेडात, डोळे उघडे ठेवून.

चिंगी


५ मार्च

चिंगे,

नळी बाहेर काढली. भोक बुजलं होतं, टोकरून मोकळं केलं. माश्यांचे फवारे बंद केले. मास्तर खालच्या खडकापर्यंत जाऊन आला, आणि परवापासून काही मेलेलं नाही. त्याबद्दल आभार.

पण पुढचं जे लिहिलंस ते वाचून माझं डोकं फिरलं. बेटावर बसून अक्कल शिकवणं सोपं असतं. तुझ्या पाठीमागे समुद्र आणि समोर पिल्लं. इथे समोर काय असतं ते तुला माहीत नाही. मागच्या वेळी तू चार दिवस आली होतीस. नानांनी अंथरुणात केलं तेव्हा “मी जरा दुकानातून येते” म्हणून गेलीस ती दुपारी उगवलीस. हातात केळी होती. घरात आधीच केळी होती.

रोज सकाळी त्या खोलीत मी जातो. लाँड्रीतले कोपरापर्यंतचे हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून जातो. चादर ओढतो, नवी सरकवतो, पावडर टाकतो, बाहेर येतो. हे मी करतो. तू नाही. त्यांची पाठ कशी आहे ते मला विचारू नकोस. आहे तशी आहे. म्हाताऱ्या माणसाची असते तशी.

पुन्हा असं लिहिणार असशील तर लिहू नकोस.

दादा


८ मार्च

वन्सं,

माझं पत्र आलेलं बघून दचकू नका. नाना आहेत. इस्पितळात आहेत.

तुमचं पत्र यांनी टेबलावर आपटलं आणि लाँड्रीत निघून गेले, म्हणून मी वाचलं. वाचून खोलीत गेले. नानांना म्हटलं, “नाना, मी पाठ बघणार आहे, चालेल का?” त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. एवढ्या दिवसांत असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

चादर अंगाला चिकटली होती. पाणी लावून सोडवली. माकडहाडापाशी माझी मूठ मावेल एवढा खड्डा आहे, वन्सं. कडा काळ्या, आत पिवळं, आणि ते पिवळं हलत होतं. मला आधी वाटलं माझेच डोळे फिरतायत. अळ्या होत्या. त्यांच्यावर पावडर टाकलेली होती, गुलाबाच्या वासाची.

तशीच बाहेर पडले आणि डॉक्टरांना आणलं. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, “हे घरात कुणालाच दिसलं नाही?” रोग रेड्याला आणि डाग पखालीला. माशांसाठी इलेक्ट्रिशियन आला, दुकानदार तीनदा आला, तुम्ही पत्रांवर पत्रं पाठवलीत. ज्यांचे मासे त्यांची पाठ कुणी पाहिली नाही.

सगळं यांच्यावर ढकलत नाही. वास मलाही येत होता, टाकीच्या कितीतरी आधीपासून. हे म्हणाले, तुंबलेल्या मोरीचा आहे. मग मासे मरायला लागले तेव्हा म्हणाले, टाकीचा आहे. आणि मला तेच ऐकायचं होतं. मी बाटल्यांवर बाटल्या आणल्या. आता दुकानात गुलाबाची बाटली दिसली तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीचं.

यांना इस्पितळातून निरोप धाडला. आले, ड्रेसिंग चालू होतं, दारातूनच दिसलं. तिथेच जमिनीवर बसले, आणि नर्सला नानांना सोडून यांना पाणी द्यावं लागलं.

पहिली बोट मिळेल तिने या. केळी आणू नका.

वहिनी


२ एप्रिल

दादा,

काल बेटावर परत पोचले. बोटीत सारखं तुझं तोंड डोळ्यांसमोर येत होतं, इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलेलं. तुझ्याशी मी नीट बोलले नाही, आणि ते रागाने नव्हतं. खरं सांगते, तुझ्या शेजारी बसायची मला किळस येत होती. नानांच्या जखमेची आली नाही एवढी तुझी आली. गुलाबाची पावडर टाकणारे हे हात, असं मनात यायचं. मग पहिल्या दिवशी नर्स मला म्हणाली, “या, बघून घ्या, घरी करावं लागेल,” आणि मी एक पाऊल मागे सरकले. पुढे गेले, पण आधी मागे सरकले. वहिनीने ते पाहिलं. म्हणजे दुकानात केळी आणायला गेलेली ती मीच. तेव्हा तुझी किळस यायचा हक्क मला कितपत आहे, हे मला ठरवता येत नाही. पण येते. आली ती लिहिली.

नाना घरी आले का? ताप उतरला का? पट्टी कोण बदलतं? आणि तू ती खोली बघू शकतोस का आता? तुझी किळस गेली का, हे खरं लिही. बरे आहेत, ठीक आहेत, असलं काही मला नको.

चिंगी


२१ एप्रिल

चिंगे,

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो.

नाना घरी आले. ताप नाही. जखम भरायला फार वेळ लागेल, कदाचित पूर्ण भरणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पलंगावर हवेची गादी आली आहे. एक नर्सबाई एक दिवसाआड येतात. मधल्या दिवशी पट्टी मी बदलतो.

पहिल्यांदा त्यांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, “हे मोठे मोजे काढा. भांडी घासायला आलात का? पातळ मोजे घाला, बोटांना कळलं पाहिजे.” मी घातले. खड्ड्यात कापूस घातला तेव्हा बोटांना आतलं हाड लागलं. मी बाहेर जाऊन ओकलो. परत आलो तर त्या तशाच थांबलेल्या, मोजे बदलायला दुसरी जोडी हातात. “झालं? आता उरलेलं करू.” असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ओकारी आली नाही, पण मळमळ राहिली. ती रोज असते. माझी किळस गेलेली नाही, चिंगे. आपल्या माणसाचं काही वाटत नाही, असं जे म्हणतात ते कुठल्या आपल्या माणसाबद्दल म्हणतात कोण जाणे. मला वाटतं. वास येतो, अंगावर काटा येतो, तोंडात आंबट पाणी येतं, आणि हात चालू ठेवावा लागतो.

मला वाटायचं, मुलाला बापाची किळस येते हे कुणाला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल. म्हणून मावशींच्या जागी कुणी आणू दिलं नाही. आणलं असतं तर ती म्हणाली असती, अहो, तुम्ही तोंड का फिरवता? मी माझं तोंड लपवत होतो आणि त्यापायी त्यांची पाठ सडली. हे मी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. म्हणून तर माझीही तुमच्या ताटात वाढायची इच्छा होत नाही अजून.” वाढते मात्र. मी खाली मान घालून जेवतो. तुलाही माझी किळस आली असेल तर आली. तुझी जागा मोकळी आहे, तू ये.

टाकीचं सांगायचं राहिलं. मास्तर गेला. नाना इस्पितळात असतानाच गेला, त्यांना मी घरी आल्यावर सांगितलं. केशरी नवरा तेवढा उरला आणि टुणटुणीत आहे, बायकोचा डोळा पचवून. नानांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हात असा झटकला की जा, ने. मी विचारलं, “टाकी बंद करायची?” त्यांनी मान डोलावली, ठामपणे. मला वाटलं दुःखाने म्हणतायत. पण टाकी उपसून नेली, तिथे रिकामी भिंत राहिली, खिडकी सताड उघडी टाकली, तेव्हा त्यांनी इतका लांब श्वास घेतला की नर्सबाईंनी घाबरून नाडी धरली. केशरी मासा दुकानदाराने नेला.

आज सकाळी पट्टी सोडली. आज वास जास्त होता, का ते नर्सबाईंना उद्या विचारीन. मी कुशीवर वळवून त्यांच्या पाठीशी उभा होतो, श्वास रोखून, त्यांना माझं तोंड दिसत नाही या भरवशावर. समोरच्या कपाटाला आरसा आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वर पाहिलं तर नाना आरशातून माझ्याकडेच बघत होते. माझं तोंड तेव्हा कसं असेल ते तू समजू शकतेस. चोरी पकडली गेल्यासारखा मी थिजलो. हातातला कापूस खाली पडला.

नानांनी डावा हात हळूहळू उचलला, दोन बोटांच्या चिमटीत स्वतःचं नाक धरलं, आणि वाकडं तोंड आणखी वाकडं करून हसायला लागले. आवाज न करता, खांदे गदगदून. मग मीही हसलो. हसताना श्वास घ्यावा लागला, आणि सगळा वास एकदम आत आला.

दादा